कूलरमधला तांबडा चुरा

चेनकप्पीला लोंबकळणारं इंजिन खांद्यानं रेटत प्रेमानंद मिस्तरी व्हॅनच्या पलीकडे उभ्या असलेल्या ड्रायव्हरवर ओरडला.

"पाह्य बे कडूबा, हे तिसरं इंजिन! तेल टाकत होता का नुसतं पानी?"

"रोज सकाळी तेल पाह्यत होतो मी," कडूबा म्हणाला.

"डोये मिटून पाह्यत असशीन!"

प्रेमानंदच्या अंगाची नुसती लाही होत होती. दिवाळीआधी या व्हॅनचं मूळ इंजिन जळालं, तेव्हा त्यानंच दुसरं बसवलं होतं. पाच महिन्यांत रोहिणखेडच्या रस्त्यावर तेही जाम! प्रेमानंदच्या हातचं काम टिकत नाही, असा साऱ्या धाड गावात बोभाटा झाला. मग त्यानं गाडीमालक उत्तमरावांना तोंडावर सांगून टाकलं, गाडीत खोट नाही, माणसात आहे, माणूस बदला. अकरा वर्षं उत्तमरावांची भाजी बुलढाण्याला नेणारा कडूबा उद्यापासून घरी बसणार होता. इंजिनं खाणारा ड्रायव्हर असं नाव झाल्यावर त्याला दुसरं कोण गाडी देणार?

इंजिन एकदाचं जागेवर बसलं. आता ऑइल कूलर तेवढा राहिला. गरम तेल थंड करणारी ती पेटी गाडीची मूळचीच होती, कुठं गळत नव्हती. मागच्या खेपेला प्रेमानंदनं ती डिझेलनं एकदा खंगाळली आणि बसवली होती. चांगली वस्तू कशाला फेकायची! आज मात्र राग काढायला काहीतरी हवंच होतं. त्यानं पेटीत पेट्रोल भरलं, दोन्ही तोंडं दाबली आणि ती दणादणा हलवून ट्रेमध्ये उपडी केली.

काळ्या पेट्रोलात तांबूस कण चमकत होते.

त्यानं ते बोटांवर घेऊन चोळले. मग उठून, जाम झालेल्या दुसऱ्या इंजिनाची बेरिंगं ढिगातून काढली. ती पांढऱ्या धातूची होती, आणि त्यांच्या पाठीपोटावर तांब्याचा कुठं मागमूस नव्हता. पण घासल्या जागी तेच तांबूस कण रुतून बसले होते. तांब्याची बेरिंगं होती ती पहिल्या इंजिनाची. त्यांचा चुरा कूलरच्या नळ्यांत दडून राहिला आणि तेलाबरोबर थेट दुसऱ्या इंजिनात गेला. तो कूलर बसवला कोणी? त्यानंच, स्वतःच्या हातानं.

प्रेमानंदनं हातातला पाना भिंतीवर फेकून मारला.

"आता काय केलं मी?" कडूबानं विचारलं.

"गप बस तू!"

तेवढ्यात उत्तमराव मोटारसायकलवरून उतरले.

"झालं का प्रेमानंद? उद्यापासून नवा मानूस येऊन राह्यला."

प्रेमानंदला स्वतःची अशी चीड आली की शब्द तोंडातून ढकलावे लागले.

"भाऊ, दुसरं इंजिन ह्यानं नाई जाम केलं. मी केलं. कूलरमंदी जुना चुरा होता, मी धड धुतला नाई. नवा कूलर आना, ह्या जुन्याले आता मी हात लावत नाई."

उत्तमराव मोकळं हसले.

"मंग झालं तर! कडूबा, पहाटे भेंडी भरायची हाय. ये टायमावर."

"नाई भाऊ."

"काऊन?"

कडूबाचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"ह्यो पाच दिवस माह्यावर भुंकला, ते जाऊ द्या. तुमी अकरा वर्सं मले पाहून राह्यले. एक डाव तरी विचारलं का, कडूबा, खरं का हे? नव्या मानसालेच द्या गाडी."

"कडूबा, थांब!" प्रेमानंद ओरडला, पण कडूबा नाक्याकडे चालू लागला होता. नाक्यावर बुलढाण्याची जीप भरत होती. कडूबा मागच्या बाकावर, सवाऱ्यांमध्ये अंग चोरून बसला.