तांबड्या रेघेखालचे वजा पाच

मी लॉगटेबल बोलतोय. चोवीस पाने, पातळ पुठ्ठ्याचे वेष्टन आणि आत नुसते आकडे. बोलताना जरा चाचरतो, कारण मला जे सांगता येते ते चार घरांपर्यंतच, आणि त्यातले चौथे घरही जवळपासचे. दोनचा लॉग विचारा, मी म्हणेन ०.३०१०. खरे तर त्यापुढे दोन आहे आणि त्याच्यापुढे न संपणारी रांग आहे. ती मला ठाऊक नाही. त्यामुळे मी कधी छातीठोकपणे काही सांगितले नाही. लोकच मला प्रमाण मानत आले.

माझा जन्म छापखान्यातला. माझ्यात एकही वाक्य नसल्यामुळे मला तपासणे म्हणजे शिक्षा होती. दोन म्हातारे मुद्रितशोधक समोरासमोर बसत. एक आकडे वाची, दुसरा बोट फिरवी. वाचणाऱ्याला सर्दी झाली होती. "शून्य, तीन, सात... आक्छी!" दुसरा मान वर न करता म्हणाला, "माझ्याकडे इथं चार आहे. तुझ्याकडे शिंक छापलीये का?" अशा थट्टेत माझ्या सगळ्या ओळी तपासून झाल्या. एखादी राहिली असेल का, ही धास्ती मला अजून आहे.

दुकानातून मला सरांनी घेतले. तेव्हा ते तरुण होते. कामकऱ्यांच्या संध्याकाळच्या शाळेत गणित शिकवायला नुकतेच लागले होते. त्यांनी मला लगेच विकत घेतले नाही. काउंटरपाशी उभे राहून दोनचा, तीनचा, सातचा लॉग पाठांतराशी ताडून पाहिला. दुकानदार म्हणाला, "सर, पुस्तक घेताय की त्याची परीक्षा घेताय?" सर ओशाळले, पण अकराचाही पाहूनच पैसे दिले. माणूस माझ्यासारखाच होता. खूप शिकलेला, आणि प्रत्येक गोष्टीला "बरोबर आहे ना?" असे विचारणारा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला हातात धरून वर्गाला सांगितले, "दहाचा कितवा घात केला की शंभर येतात? दुसरा. त्या 'कितव्या'ला लॉग म्हणायचं. म्हणून शंभरचा लॉग दोन, हजारचा तीन. मधल्या संख्यांचे लॉग या पुस्तकात आहेत." मग त्यांनी फळ्यावर सावकाश एक वाक्य लिहिले: 'लॉगच्या कंसात जे काही असेल ते शून्याहून मोठे हवे.' दहाचा कोणताही घात केला तरी वजा काही येत नाही, शून्यही येत नाही. म्हणूनच माझ्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही ऋण संख्या नाही.

वर्गात गवंडी होते, रंगारी होते, बेकरीतला भट्टीवाला होता. दिवसभर राबून आलेली माणसे. सर असमानता शिकवत. लॉग(क्ष − २) हा एकपेक्षा लहान आहे, तर क्ष किती? वर्ग ओरडे, "बारापेक्षा लहान!" सर म्हणत, "हे उजवीकडचं कुंपण झालं. डावीकडचं? क्ष दीड असला तर कंसात काय उरेल?" मग कुणीतरी खजील होऊन म्हणे, "वजा अर्धा. म्हणजे दोनपेक्षा मोठाही हवा." सर खूश होत. समीकरण सोडवल्यावर दोन उत्तरे आली, तर दोन्ही पुन्हा कंसात घालून पाहायची, आणि जे कंसाला चालत नाही ते खोडायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. बहुतेक वेळा खोडले जाई ते ऋण उत्तरच.

आता जे सांगतो ते सांगताना मला वाईट वाटते. लांब वाक्य वापरून वापरून झिजते. वर्षे गेली तसे फळ्यावरचे ते वाक्य आखूड झाले. आधी झाले, 'लॉगमध्ये ऋण चालत नाही.' मग सर फळ्याकडे पाठ करून नुसते विचारू लागले, "ऋण आलं?" आणि वर्ग एका सुरात म्हणे, "खोडा!" एकदा भट्टीवाला म्हणाला, "बरंय सर तुमचं. आमच्याकडे करपलेलं खोडता येत नाही, टोस्ट करून विकावं लागतं." सगळे हसले, सरही हसले. काय निसटले ते कुणाच्या ध्यानात आले नाही. ध्यानात आले असते, तरी मी काय बोलणार होतो?

एकविसाव्या वर्षी वर्गात एक परिचारिका आली. पस्तिशीची, पांढरे बूट घालून थेट पाळीवरून येणारी. सगळे तिला सिस्टर म्हणत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जागा होती आणि तिला ती हवी होती. अट एकच, गणिताची परीक्षा पास व्हायची. शाळेचा नियम असा की परीक्षेला तीन वेळा बसता येते, चौथ्यांदा नाही. पुढच्या वर्षापर्यंत सिस्टर दोनदा नापास झाली होती. रात्रपाळी, वडिलांचे आजारपण, कारणे खरी होती, पण निकालाच्या कागदावर कारणांना रकाना नसतो.

ती प्रश्न विचारी. एकदा वर्ग नेहमीसारखा "खोडा!" म्हणाला, तेव्हा तिने हात वर केला. "सर, ऋण नक्की कुणाला चालत नाही? क्षला की कंसाला?"

घंटा व्हायला एक मिनिट होते. सर म्हणाले, "ते एकच झालं. पुढं चला."

एकच नव्हते. मी टेबलावर उघडा पडलो होतो आणि मला ते कळत होते.

परीक्षा झाली. सत्तावन्न उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आला. सर तपासत, आणि सरांची पत्नी, जिला सगळे काकू म्हणतात, गुणांची बेरीज करी. सरांचा गणितावर विश्वास होता, स्वतःच्या बेरजेवर नव्हता. गुणांची यादी सोमवारी सकाळी अकरापर्यंत कचेरीत द्यायची होती. सोमवारी नऊ वाजता, चहाचे कप बाजूला सारून, काकू शेवटच्या बेरजा करत होत्या.

"अहो, सिस्टरचे अडतीस होतात."

"पुन्हा करून बघ."

"दोनदा केली. चाळीसला पास ना? आणि तिची तिसरी खेप."

सरांनी चष्मा काढला. "हो. तिसरी."

"मग बघा की दोन गुण कुठं मिळतायत का."

"अगं, दया म्हणून गुण देत नाहीत. उद्या ती लोकांचं रक्त तपासणार. तिथं दया चालेल का?"

"दया कोण म्हणतंय? सातव्या प्रश्नात चारपैकी दोनच दिलेत तुम्ही. खाली तिनं आणखी दोन ओळी लिहिल्यात, त्यांच्यावरून तुमची तांबडी रेघ गेलीये. वाचल्यात का त्या?"

"ऋण उत्तर आहे ते. खोडायचंच असतं."

"मी काय विचारलं? वाचल्यात का?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "नाही."

त्यांनी उत्तरपत्रिका जवळ ओढली. प्रश्न असा होता: लॉग(क्ष² + ३क्ष) = १, तर क्ष किती? सिस्टरने सरळ सोडवला होता. लॉग एक म्हणजे कंसात दहा. म्हणून क्ष² + ३क्ष − १० = ०. म्हणून क्ष दोन, किंवा वजा पाच. आणि तांबड्या रेघेखाली तिच्या बारीक, रुग्णाच्या तक्त्यावर लिहावे तशा अक्षरात होते: 'वजा पाच कंसात घालून पाहिले. २५ − १५ = १०. कंस ऋण नाही. म्हणून हेही उत्तर चालते.'

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मला उघडले. दहाची ओळ, पहिले घर, ०.००००, दशांशचिन्हाच्या डावीकडे एक. लॉग दहा बरोबर एक. मग त्यांनी मुद्दाम क्षला वजा चार घातले. सोळा वजा बारा, चार. मी चारचा लॉग निमूटपणे सांगितला, ०.६०२१. मग वजा एक घातले. एक वजा तीन, वजा दोन. इथे मात्र माझ्याकडे सांगायला काही नव्हते. त्यांनी कागदाच्या कडेला एक आडवी रेघ काढली. शून्याच्या उजवीकडे सारे मोकळे, वजा तीनच्या डावीकडेही सारे मोकळे, बंदी काय ती मधल्या तुकड्यात. वजा पाच मोकळ्या रानात उभे होते.

त्या घटकेला मला वाटले, दोष माझाच. बावीस वर्षे हा माणूस माझी पाने उलटतोय, त्याला कुठे एक ऋण संख्या दिसली नाही. माझ्याकडे बघून बघूनच त्याचा असा समज झाला असेल. क्ष ऋण असूनही कंस धन असू शकतो, हे माझ्या कुठल्याच पानावर लिहिलेले नाही.

"प्रश्न मीच काढला," सर म्हणाले. "उत्तरही मीच खोडलं. शिकवलंही मीच तसं. थांब, थांब. वजा पाचचा वर्ग पंचवीसच ना? आधी वर्ग, की आधी चिन्ह?"

"मला विचारताय? अहो, दोन वजा मिळून अधिक होतात हे लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलंत मला. तेव्हा विषय तुमच्या आणि माझ्या आईच्या भांडणाचा होता."

सरांना हसू आले नाही. त्यांनी पुन्हा वर्ग केला, पुन्हा वजाबाकी केली, मला पुन्हा उघडले. मग पुन्हा. दहा वाजले. सव्वादहा. चुकीच्या उत्तरावर रेघ मारायला त्यांना क्षण लागला नव्हता, पण बरोबर उत्तरावर विश्वास ठेवायला तासभर पुरेना. आणि कचेरी पायी अर्ध्या तासावर.

"बाकीच्यांचं काय?" ते म्हणाले. "छप्पन्न जणांनी नुसतं दोन लिहिलंय. त्यांना मी पूर्ण चार दिलेत."

"त्यांना तसं शिकवलं कुणी?"

"मी."

"मग त्यांचे राहू द्यात. हिचे द्या. आणि निघा आता, अकराला वीस-पंचवीस मिनिटंच राहिलीत. रिक्षा करा."

सरांनी तांबड्या रेघेशेजारी चार लिहिले, दोन खोडले. काकूंनी बेरीज केली. चाळीस. सरांनी मला खिशात कोंबले, का कोण जाणे, साक्षीदार म्हणून असेल.

कचेरीत हेडक्लार्क यादी बंद करायच्या बेतात होते. "सर, दोनच मिनिटं राहिलीत. तुम्ही तर नेहमी आदल्या दिवशीच येता. तब्येत बरी आहे ना?"

"चूक सापडली."

"कुणाची?"

"माझी."

"मग बरंय," हेडक्लार्क म्हणाले. "विद्यार्थ्याची असती तर अर्ज घ्यावा लागला असता." आणि त्यांनी सिस्टरच्या नावापुढे चाळीस लिहिले. शाई वाळेपर्यंत सर तिथून हलले नाहीत. खिशातून मला त्यांच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. ते हळूहळू कमी झाले.

आठवड्याने निकाल लागला. संध्याकाळी फलकासमोर सिस्टर पांढरे बूट घालून उभी होती. सर तिच्याजवळ गेले. मला वाटले होते, अभिनंदन करून परत येतील. त्यांनी सगळे सांगितले, रेघेसकट.

"काठावर का होईना, पास झाले ना, सर?" ती म्हणाली. डोळे भरले होते तरी आवाज स्थिर होता.

"काठावर तू नव्हतीस. मी तुला खाली ढकललं होतं. तुझ्या दोन ओळींनीच तुला वर घेतलं."

"मला वाटलं होतं, उगाच जागा वाया घालवली. वाचणार कोण!" मग ती हसली. "सर, आमच्याकडे तक्त्यावर काही खोडलं ना, तर खाली सही करावी लागते. कुणी खोडलं, का खोडलं. सही करायची म्हटलं की हात आपोआप थांबतो."

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरची फाईल काढली. बावीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, वर्षाला दोन, एकूण चव्वेचाळीस असायला हव्यात. आपण आणखी कुणाला असे खोडले असेल का? या विचाराने त्यांना जेवण जाईना. सिस्टरच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका यापूर्वीच तपासून झाली होती, तरी ती धरून सगळ्या पुन्हा पाहायच्या असे त्यांनी ठरवले. तीन आठवडे ते रोज दुपारी बसले. प्रत्येक लॉगचे समीकरण पुन्हा सोडवायचे, प्रत्येक ऋण उत्तर कंसात घालून पाहायचे, आणि मग खात्रीसाठी मला उघडायचे. माझा कणा दोनदा उसवला, काकूंनी दोनदा चिकटपट्टी लावली. इतक्या वर्षांत मला एवढे काम कधी पडले नव्हते.

निकाल सांगतो. बेचाळीस प्रश्नपत्रिकांत ऋण उत्तर आले तिथे कंसही ऋणच होत होता. खोडले ते रास्तच खोडले. चूक झाली ती एकदाच, आणि ती वेळेत सुधारली. राहिली एक. सर आजारी होते त्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका फाईलमध्ये नाहीच. घर पालथे घातले, मिळाली नाही.

"बेचाळीस बरोबर निघाल्या," काकू म्हणाल्या. "एक दुरुस्त झाली. उरलेल्या एकीसाठी किती जागायचं? आडवे व्हा जरा."

"पण त्या वर्षी जर..."

"त्या वर्षी तुम्ही आजारी होतात. प्रश्न दुसऱ्याच कुणी काढले असतील. आडवे व्हा म्हणते ना."

हे सरांना पटले की ते थकले होते, मला सांगता येणार नाही. ते खुर्चीतच मागे रेलले.

आता दुपारचे तीन वाजलेत. शाळेत हल्ली गणकयंत्रे चालतात, मला विचारायला फारसे कुणी येत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी सरांच्या छातीवर उघडा पालथा पडलोय आणि त्यांच्या श्वासाबरोबर वर-खाली होतोय. तीन आठवड्यांत आज प्रथमच त्यांना दुपारची झोप लागली आहे. ते घोरतायत. तुम्हाला कुठल्या संख्येचा लॉग हवा असेल तर थोडा वेळ थांबा. मला आत्ता उचलू नका.