पाटावरचा कीबोर्ड

हेमाच्या टेबलाला सासरी 'खेळण्यांचं दुकान' म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिच्या सासऱ्यांनी. गोपाळकृष्ण खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते, आणि निवृत्त झाले तरी विश्रांतवाडीच्या त्या तीन खोल्यांत मापाबाहेरचं काही त्यांना खपत नसे. मनगट दुखू नये म्हणून हेमाने उभा धरायचा माऊस आणला, तेव्हा हा आडवा पडायला विसरला का, असं त्यांनी विचारलं. स्क्रीन भिंतीवरच्या लोखंडी हातावर चढवली, तेव्हा दातांचा दवाखानाच दिसतोय, दात कधी काढून देणार, अशी चौकशी केली. कुरिअरवाला आला की ते दार उघडून फक्त इतकंच म्हणत, "घ्या. अजून एक."

हेमा हे सगळं हसून सोडून देई. घरून काम करायचं तर तोंडाला तोंड देऊन भागत नाही. पण कीबोर्डवर कुणी बोललं की तिला लागे. निळ्या ॲल्युमिनियमचा तो कीबोर्ड तिने तयार विकत घेतलाच नव्हता. सांगाडा एका ठिकाणाहून, बटणं दुसरीकडून, असे सुटे भाग जमवून, प्रत्येक बटणाच्या पोटात बारीक ब्रशने वंगण लावून तिने तो स्वतः जोडला होता. त्याचा आवाज अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखा येई. तो ऐकला की हेमाचं कामात लक्ष लागे.

तिचं खरं दुखणं मात्र वर्षातून एकदाच डोकं वर काढी, खंडेनवमीला. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत पाट मांडला जाई. त्यावर बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, स्वतःची अकरा हत्यारं: मायक्रोमीटर, कानशी, हातोडी, पाने. प्रत्येकावर त्यांनी ठोकलेला नंबर, एक ते अकरा. शेजारी सासूबाईंची विळी आणि अडकित्ता. श्रीधर, म्हणजे हेमाचा नवरा, ज्या स्कूटरवरून ऑफिसला जाई तिला खाली हार. एकदा पाटावर चढलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, तिला त्या दिवशी सुट्टी. स्कूटरलासुद्धा सुट्टी मिळे. हेमाच्या कीबोर्डाला सहा वर्षांत कधी मिळाली नव्हती.

यंदा तिने धीर केला. आठ दिवस आधी जेवताना विचारलं, की माझा कीबोर्ड ठेवला तर चालेल का. बाबांनी ताकाचा भुरका संपवला.

"पाटावर हत्यारं ठेवतात," ते म्हणाले. "खेळण्यांना शोकेस असते."

श्रीधर हसला, आणि त्या रात्री त्याच्याशी कुणी बोललं नाही.

दोन दिवसांनी कीबोर्डाचं एक बटण अडकायला लागलं. हेमाने तो उलटा करून उघडला, बटण सोडवलं, चिमट्याने स्प्रिंग काढली, पुसली, ब्रशच्या टोकाने वंगण लावलं. मान वर केली तर बाबा दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. वंगण कुठलं, असं त्यांनी विचारलं. तिने डबी दाखवली, आणि जास्त झालं तर बटण जड होतं, हेही सांगितलं. त्यांनी सांगाडा उचलून नखाने वाजवून पाहिला.

"ॲल्युमिनियम?"

"हो बाबा."

"हं," म्हणून ते निघून गेले. हेमाने त्या हुंकाराचा बराच अर्थ लावून पाहिला. लागला नाही.

अष्टमीला तिला ऑफिसात जावं लागलं, आणि ती उशिरा परतली. नवमीला सकाळी आंघोळ करून बाहेर आली, तर पाट मांडून झालेला. अकरा हत्यारं, विळी, अडकित्ता, आणि मायक्रोमीटरच्या शेजारी, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन, तिचा कीबोर्ड. हेमा पुढे होऊन वाकली.

मग तिला रॉकेलचा वास आला.

रेशनवरचं रॉकेल केव्हाच बंद झालं होतं, पण बाबांची एक बाटली माळ्यावर असे. अस्वच्छ हत्यार पाटावर ठेवायचं नाही, हा टूलरूमचा शिरस्ता. आधी रॉकेलने धुवायचं, मग तेलाचा हात फिरवायचा. चौतीस वर्षं त्यांनी प्रत्येक हत्याराचं हेच केलं होतं आणि काल कीबोर्डाचंही तेच केलं. बटणांवरची अर्धी अक्षरं चिंधीबरोबर गेली होती. फटींतून तेल चमकत होतं.

"घाण बरीच होती," बाबा म्हणाले.

आत्ता उघडून, पुसून, वाळवला तर वाचेल, हे हेमाला कळत होतं. आणि उचलला तर सहा वर्षांनी मिळालेली जागा आपल्याच हाताने रिकामी करावी लागेल, हेही. तिचा हात पुढे झाला होता. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, बाबा बघत नव्हते. हेमाने तोच हात वळवून हळदकुंकवाची कोयरी घेतली. वाहताना मात्र बटणं टाळून कडेला वाहिलं.

दुपारची ऑफिसची मीटिंग तिने लॅपटॉपच्या सपाट बटणांवर कशीबशी काढली. दर थोड्या वेळाने ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठे आणि पाटाकडे बघून येई. श्रीधर म्हणाला, नवीन घे. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्कूटरचा हार नीट करायला खाली गेला.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली. हेमाने फडकं अंथरलं, कीबोर्ड उलटा केला आणि पेचकस हातात घेतला. चार स्क्रूंच्या बरोबर मध्ये, त्या निळ्या गुळगुळीत पाठीवर, धातूत खोल ठोकलेला आकडा होता. बारा.

तो पुसला जाणार नव्हता, घासला जाणार नव्हता. एरवी तिच्या लाडक्या कीबोर्डावर कुणी नखाचा ओरखडा काढला असता तरी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिने त्यावरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले.

बाबा चष्मा लावून समोर येऊन बसले. हातात त्यांचा स्वतःचा चिमटा होता.

"धातू मऊ निघाला," ते जरा ओशाळून म्हणाले. "दोनाचा आकडा कलला. माझा कधी कलत नाही."

"असू दे बाबा," ती म्हणाली आणि पहिला स्क्रू सोडवला.

सासरा-सुनेने मिळून एकेक बटण सोडवायला घेतलं. ती उघडून देई, ते पुसून ओळीने मांडत. दुपारपर्यंत निम्मी झाली. तेव्हा बाबांनी मान वर करून टेबलावरच्या उभ्या माऊसकडे पाहिलं.

"तो कशाचा आहे?"

"प्लास्टिकचा."

"मग त्याच्यावर नंबर बसायचा नाही," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं.