मुक्काम पोस्टचा लोहार

"डावीकडे बघ, उल्ह्या, डावीकडे," राजीव हेडसेटमधून सांगत होता, आणि उल्हासने कॅरेक्टर वळवेपर्यंत प्रसादचं मुंडकं उडालं होतं. ते पुलावरून गडगडत खाली नदीत गेलं. खरा प्रसाद दोन हजार मैलांवर, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत, घरी कॉफी पीत बसला होता. मेल्यावर त्याने घेतलेला घोट सगळ्यांना ऐकू आला.

मुंडकं उडवणाऱ्याच्या पोटात राजीवने भाला घातला आणि फिरवून बाहेर काढला. त्याच्या मागून दोघे आले. एकाचा गुडघा सत्यजितने कुऱ्हाडीने तोडला, दुसऱ्याला राजीवने ढालीच्या कडेने तोंडावर हाणलं, पडल्यावरही हाणत राहिला. खेळाच्या हिशेबाने तो माणूस तिसऱ्या फटक्यालाच मेला होता. बाकीचे फटके राजीवचे स्वतःचे होते.

उल्हास लढत नसे. तो त्यांच्या 'मुक्काम पोस्ट' या टोळीचा लोहार होता. टोळीतले सगळे मराठी, बहुतेक इंजिनिअर. उल्हास हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचा. सांगलीची बीएस्सी, बहिणीने स्पॉन्सर केलेलं ग्रीन कार्ड, मग कम्युनिटी कॉलेजातला दोन वर्षांचा कोर्स. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी "हॉस्पिटलमध्ये? डॉक्टर का?" असं विचारलं की तो "नाही, फोटो काढतो" म्हणायचा आणि समोरचा मान हलवून दुसऱ्या कुणाशी बोलायला लागायचा. राजीव चँडलर शहरातल्या एका चिप कंपनीत मॅनेजर होता. मंडळात त्याच्याभोवती माणसं असत. पण तो मुद्दाम गर्दीतून हाक मारायचा, "हा आमचा उल्हास. ह्याने बनवलेलं चिलखत घातलं की मरायला वेळ लागतो." चाळिशीला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या उल्हासला ते वाक्य पुढच्या गणपतीपर्यंत पुरायचं.

जुनी भट्टी नदीकाठी, पुलाच्या तोंडाशी होती. लढाई तिच्या दारातच चालायची. लोक रक्ताळलेले आत येत, चिलखत ऐरणीवर टाकत, आणि उल्हासला प्रत्येक पोचा दिसे. वार वरून आला की खालून, समोरून की पाठ फिरवल्यावर, हे पत्रा सांगायचा. तो पोचे ठोकून काढायचा आणि मालकाला सांगायचा, "तू उजवी बाजू उघडी टाकतोस." त्याचं म्हणणं सहसा बरोबर निघे. रोजच्या कामातही तो तेच करत होता. फरक इतकाच, की तिथे बोलायचं नसे. फोटो तंत्रज्ञाने काढायचा, अर्थ डॉक्टरने सांगायचा.

आता कंपनी जुनी भट्टी बंद करून डोंगराच्या पोटात कारागिरांची नवी पेठ उघडणार होती. सहा महिने तिची चित्रं येत होती. धबधब्यावर चालणारे घण, लाल उजेडाची गुहा, छताला टांगलेल्या साखळ्या. जी टोळी खिंड फोडून पहिल्यांदा आत शिरेल, तिचं नाव दारावर कोरलं जाणार होतं. राजीवने त्यासाठी ऑफिसातून रजा काढल्या होत्या, आणि आज शनिवारी सकाळपासून तो आधी पुलावर, मग खिंडीत माणसं कापत होता.

दुपारी खिंड पडली. शेवटचा माणूस दरवाज्यात अडकून बसला होता. राजीवने त्याचे हात मनगटापासून तोडले, तेव्हा कुठे दार सरकलं. रक्ताच्या थारोळ्यातून चौघं आत गेले.

आत एक हॉल होता. राखाडी भिंती, राखाडी फरशी, सपाट छत. ऐरणी ओळीने मांडलेल्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. खिडकी नाही. आग म्हणून एक केशरी चौकोन होता, तो हलतही नव्हता. भिंतीतला तडाही दर चौथ्या दगडावर तोच पुन्हा येत होता. उल्हासने आपलं फाटलेलं चिलखत ऐरणीवर ठेवलं. पोचे दिसलेच नाहीत. वर आकडा आला, एकसष्ट टक्के. खाली बटण. बटण दाबलं, शंभर टक्के झालं. घणाचा आवाजसुद्धा आला नाही.

सत्यजित म्हणाला, "यार, हे तर लायसन्स काढायचं डीएमव्ही ऑफिस आहे. टोकन घ्यायचं का?"

प्रसाद खो खो हसला. उल्हासला खरं तर वाईट वाटत होतं, पण सगळे हसत असताना आपण गप्प बसायचं त्याला जमत नसे. आणि राजीवची फिरकी घ्यायची संधी क्वचित मिळायची. तो म्हणाला, "राजीव, ह्याच्यासाठी रजा घालवल्यास तू? बस आता ऐरणीवर. तुझं नाव कोरतील दारावर, चौकशी खिडकी म्हणून."

राजीव हसला नाही. त्याच्या मागून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा त्याच्या बायकोचा, विनीताचा आवाज आला. "राजीव, पानं घेतलीत. तिसऱ्यांदा सांगतेय."

खुर्ची सरकली. काहीतरी कडाडलं. राजीवचा कीबोर्ड जुना होता, खाली पोलादी पत्रा असलेला, वीटभर वजनाचा. डाळ सांडावी तशी त्याची बटणं फरशीवर सांडली. कडाडणं आणि बटणं सांडणं यांच्या मध्ये एक बारीक आवाज झाला. तो खुर्चीचा असावा असं उल्हासला वाटलं.

"गेला कीबोर्ड," प्रसाद म्हणाला, आणि तिघंही हसत सुटले. उल्हास सगळ्यात जास्त वेळ हसला. मग राजीवचा माइक बंद झाला.

रविवारी सकाळी उल्हासची इमर्जन्सीला ड्यूटी होती. दहाच्या सुमाराला कागद आला. डावा हात, कोपर ते मनगट, काल बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. नाव वाचून तो बाहेर आला, तर राजीवच विनीताच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

"बरं झालं तूच आहेस," राजीव म्हणाला. नर्सने सतरा प्रश्न विचारले, घरी कोण असतं, कसं वाटतं, कुणाची भीती वाटते का, त्या सगळ्यांची उत्तरं आपणच दिली, कारण ही इंग्लिशमध्ये घाबरते, असं त्याने सांगितलं. विनीताने कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं होतं. मंडळाच्या स्मरणिकेतला इंग्रजी मजकूर दरवर्षी तीच तपासायची. सुजलेला हात तिने ओढणीत धरला होता.

राजीव तिच्याबरोबर आत निघाला. उल्हासने नेहमीचं सांगितलं, की आत फक्त पेशंट. राजीव म्हणाला, अरे, मी नवरा आहे. उल्हास म्हणाला, नवऱ्यालाही रेडिएशन लागतं. राजीव हसून मागे सरला. शिसं भरलेलं जड दार बंद झालं.

उल्हासने तिचा हात प्लेटवर ठेवला. बोटं सरळ करताना तिने दात आवळले, पण आवाज केला नाही. त्याने काचेमागे जाऊन फोटो घेतला, हात कुशीवर वळवून दुसरा घेतला आणि प्लेटा स्कॅनरला लावल्या.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. पडताना माणूस तळहात टेकतो. सगळं वजन अंगठ्याकडच्या हाडावर येतं आणि ते मनगटापाशी मोडतं. असे हात उल्हासने ढिगाने पाहिले होते. समोरच्या पडद्यावर मनगट शाबूत होतं. अंगठ्याकडचं हाड शाबूत होतं. करंगळीकडचं हाड मात्र बरोबर मध्यावर, आडवं, कांडं मोडावं तसं मोडलं होतं. तोंडावर येणारा फटका हात आडवा धरून अडवला की मोडतं ते हे हाड. इथली मंडळी या फ्रॅक्चरला पोलिसांच्या दंडुक्याचं नाव देतात.

त्याला वीटभर वजनाची एक पोलादी कड दिसली. मग तो बारीक आवाज पुन्हा ऐकू आला. तो खुर्चीचा नव्हता.

आता दार उघडून पेशंट बाहेर पाठवायचा, एवढंच त्याचं काम उरलं होतं. पुढचं डॉक्टर बघतील. डॉक्टर नवऱ्यासमोर विचारतील, नवरा उत्तर देईल, प्लास्टर होईल, दोघं घरी जातील. उल्हास काचेमागून बाहेर आला.

"वहिनी, हे पडून होत नाही."

विनीताने वर पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. फोटो काढतो."

"मग फोटो काढा."

त्याने मान हलवली. काढायचे फोटो काढून झाले होते, तरी त्याने नवी प्लेट घेतली आणि तिच्या हाताखाली सरकवायला लागला. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

"काल तुम्ही सगळे कशाला हसत होतात, भाऊजी?"

"आम्हाला वाटलं, कीबोर्ड फुटला."

"कीबोर्डच फुटला," विनीता म्हणाली.

हेडसेट टेबलावरून लोंबत होता आणि ती टेबलाखाली होती, असं तिने सावकाश सांगितलं. तिथून सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. राजीव आणखी दोनदा लाथ घालून बाहेर निघून गेला, तरी हसणं चालूच होतं. आवाज ऐकलाय म्हटल्यावर कुणीतरी विचारेल, काय झालं म्हणून, असं तिला वाटलं होतं. "तुमचं हसणं ओळखता येतं," ती म्हणाली. "सगळे थांबल्यावरही तुमचं येत होतं."

प्लेट उल्हासच्या हातात तशीच राहिली.

दारावर टकटक झाली. "उल्ह्या, झालं का रे?" राजीवचा आवाज शिशातून दबून आला.

उल्हासने भिंतीवरचं बटण दाबलं. बाहेर दारावरचा लाल दिवा लागला. "अजून काढायचेत," तो ओरडून म्हणाला. "आत येऊ नकोस, मशीन चालू आहे." मशीन बंद होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने तो दिवा उगीच कधी लावला नव्हता.

मग तो विनीतासमोर स्टूल ओढून बसला. त्याने सांगितलं, की हा दिवा आहे तोवर या खोलीत कुणी येऊ शकत नाही. हॉस्पिटलात एक सोशल वर्कर बाई आहेत, त्यांना इथूनच फोन लावता येतो. आपण होऊन तो कुणालाही बोलावणार नाही. ती म्हणेल तसं.

माझा व्हिसा राजीवच्या नोकरीवर आहे, विनीता म्हणाली. मला इथे काम करता येत नाही, बँकेत माझं नाव नाही, गाडीची किल्ली त्याच्या खिशात असते. उल्हास म्हणाला, यातलं मला काही कळत नाही. त्या बाईंना कळतं. अशा बायकांसाठी काहीतरी कायदा आहे म्हणतात, पण मी खात्रीने सांगू शकत नाही.

त्याने खोटा धीर दिला नाही, हे तिने ऐकलं असावं. तिने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"उद्यापासून राजीव तुम्हाला ओळख देणार नाही. मंडळातही कुणी देणार नाही."

"हो."

"तुमचा खेळही जाईल."

"हो," उल्हास म्हणाला.

बाहेर पुन्हा हाक झाली, या वेळी चढ्या आवाजात. पाठोपाठ दारावर मूठ बसली. विनीताचं अंग आक्रसलं. उजवा हात आपोआप तोंडासमोर गेला. मधे बंद दार आहे हे लक्षात आल्यावर तिने तो खाली घेतला.

"बरगड्यांचे निघतात का?" तिने विचारलं.

"कधीच्या?"

"मागच्या दिवाळीतल्या. तेव्हा दवाखान्यात नेलं नव्हतं. आता दिसतील?"

"दिसतात. हाड जुळलं तरी जुळल्याची गाठ राहते."

"मग तेही काढा. आणि त्या बाईंना बोलवा."

डॉक्टरच्या सहीशिवाय जादा फोटो काढता येत नसत. उल्हासने फोन उचलला. ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या. तंत्रज्ञ अर्थ सांगायला लागला की त्यांना राग यायचा. त्याने अर्थ सांगितला नाही. हाड कुठे मोडलंय आणि नवरा दाराबाहेर काय करतोय, एवढंच सांगितलं. त्या मागच्या, स्टाफच्या दाराने आल्या. त्यांनी पडदा पाहिला, विनीताला इंग्रजीत एक प्रश्न विचारला, आणि विनीताने स्वच्छ इंग्रजीत, न थांबता, पुष्कळ मोठं उत्तर दिलं. डॉक्टरांनी कागदावर सही केली. सिक्युरिटीला आणि सोशल वर्करला बोलावते, म्हणाल्या आणि आल्या दारानेच गेल्या.

उल्हासने विनीताला भिंतीवरच्या एक्स-रेच्या पाटीपाशी उभं केलं. मोडलेला हात आता गळ्यात बांधलेल्या ओढणीच्या झोळीत होता. तो आड येऊ नये म्हणून झोळी हलक्या हाताने बाजूला घेतली. मूठ आता थांबून थांबून बसत नव्हती. दार एकसारखं दणकत होतं, आणि पलीकडून राजीव उल्हासच्या आईवरून शिव्या देत होता. उल्हासने त्याचा असा आवाज खिंडीतही ऐकला नव्हता. त्याला भीती वाटली. तो काचेमागे गेला आणि त्याने बोट बटणावर ठेवलं.

"पूर्ण श्वास घ्या," तो म्हणाला. "रोखून धरा."

विनीताने श्वास घेतला. घेताना दुखलं असणार, कारण तिची मान ताठ झाली. दाराकडे पाठ करून, हनुवटी पाटीवर टेकवून ती उभी राहिली. बाहेर शिव्या मधेच तुटल्या. कुणीतरी राजीवला मागे ओढलं, काहीतरी भिंतीवर आदळलं, अनेक बूट एकदम घासले. उल्हासने बटण दाबलं.

"सोडा," तो म्हणाला.

तिने लगेच सोडला नाही. बूट कॉरिडॉरभर लांब जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग श्वास सोडून, पाटीवरून हनुवटी न उचलता तिने विचारलं,

"मी हलले नाही ना?"

"नाही, वहिनी," उल्हास म्हणाला. "स्वच्छ आलाय."