बाकामागची फट

"दाताच्या डॉक्टरकडचं आटपून तासाभरात येते. आई, बागेबाहेर पाऊल टाकायचं नाही," सूनबाई फाटकाशी म्हणाली. "आणि फोन हातातच ठेवा."

"अगं, या बागेत मी जन्मभर कातर चालवली. इथली झुडपं मला ओळखतात."

"झुडपं ओळखतात हो," एवढं बोलून ती थांबली. पुढचं तिनं गिळलं, पण मला ते ऐकू आलंच. गेल्या महिन्यात मी दूध आणायला गेले आणि परतताना आपलीच गल्ली मला सापडेना. शेजारीण हाताला धरून घेऊन आली. तेव्हापासून नातवंडांना शाळेतून आणायचं काम माझ्याकडून गेलं. त्यानंतर आज पहिल्यांदाच दोघं माझ्या एकटीच्या हाती होती. आज नीट पार पडलं की शाळेचं काम परत मागायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

थोरली दुसरीत आहे, बारक्या अजून बालवाडीत. बाग जुन्या राजवटीतली. लोक लांबून येतात ते दगडी कारंजं बघायला. पोरांना मात्र भुलभुलैया हवा होता. झुडपांच्या उंच भिंती, त्यांतून अरुंद वाटा, सगळ्या एकसारख्या.

"आजी, हरवलो तर?" थोरलीनं विचारलं.

"माझ्याबरोबर? अशी चोरवाट दाखवते की तोंडात बोट घालाल."

चोरवाट खरीच होती. छाटलेल्या फांद्या ओढून न्यायला अख्खा फेरा कोण मारणार? म्हणून आम्ही कामावरच्या बायकांनी एका बाकामागे, वाकून जाता येईल एवढी फट राखली होती. तिच्यावर एक फांदी आडवी ओढून ठेवायची. साहेबांना ती कधी दिसली नाही.

डावीकडे, पुन्हा डावीकडे, मग बाक. बाक आला. मी मागे हात घातला. नुसत्या फांद्या. आणखी आत घातला. कोपरापर्यंत ओरखडे आले, पण फट काही लागेना.

फोन वाजला. "आई, कुठे आहात?"

"बागेतच."

"धाप लागलीय का?"

"बारक्याच्या मागे धावतेय गं."

बारक्या गुडघे जुळवून जागच्या जागी उभा होता. "आजी, शू."

"धर जरा. बाहेर पडल्यावर."

आम्ही पुढे निघालो. वळलो, परत फिरलो, पुन्हा वळलो. माझी चाल वाढली तशी पोरं मागे फरफटायला लागली.

"आजी, हा बाक मघाशी बघितला आपण," थोरली म्हणाली.

"सगळे बाक सारखेच असतात."

"त्यालाही इथेच च्युइंगम चिकटलं होतं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. झुडपं बदलली, की मी? समोरून एक जोडपं हसत आलं.

"त्यांना विचार ना, आजी!"

"मी विचारू? ही भिंत मी वाढवलीय!"

ते गेले. त्यांच्या पावलांचा आवाज विरला आणि मला धावत मागे जावंसं वाटलं. पुन्हा फोन वाजला. मी तो वाजू दिला.

पुढच्या वळणावर दुसरा बाक होता. तिथं बारक्याचा धीर सुटला. "कर बाबा, झुडपाआड," मी म्हटलं. तो बाकामागे गेला. काम झालं तरी बाहेर येईना.

"आजी, इथनं कारंजं दिसतंय!"

मी वाकले. फांदी आडवी ओढलेली. अगदी आम्ही ओढायचो तशीच.

आम्ही तिघं बाहेर निघालो तर समोर हातगाडी घेतलेला माळी. "अहो आजी, ही वाट आमची आहे!"

"तुमच्या आधी माझी होती. हा बाक कधी हलवलात?"

"दगडी बाक कोण हलवतो? मी लहानपणापासून बसतोय त्याच्यावर. का हो?"

"काही नाही."

थोरली माझ्याकडे बघत राहिली.

फाटकाशी सूनबाई गालाला रुमाल लावून उभी होती. "फोन का नाही उचलला?"

"आई, आजीनं आम्हाला चोरवाट दाखवली!" थोरली घाईघाईनं म्हणाली.

"आजी हरवली होती," बारक्या म्हणाला. "चोरवाट मी शोधली." थोरलीनं त्याला चिमटा काढला. "आई गं! हरवलीच होती!"

पोरांचं काय मनावर घ्यायचं, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं.

"हरवले होते," मी म्हटलं. "वाट जागेवरच होती. मी भलत्याच बाकाशी शोधत बसले."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या केसांतलं पान काढलं. "पुढच्या वेळी मीही येते," म्हणाली. शाळेचं तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

"मग आईलाही चोरवाट दाखव," बारक्या म्हणाला.

"दाखवते की."

बस येईपर्यंत मी मनातल्या मनात तीच वाट चालत होते. डावीकडे, पुन्हा डावीकडे, मग बाक. का आधी उजवीकडे?