नकाशातला निळा ठिपका

धुक्यात नकाशा उलगडल्याचा आवाज मी पहिल्यांदा काकांच्या हातून ऐकला. वाळक्या केळीच्या पानांतून वारा फिरावा तसा तो सळसळे, आणि मग कापडावर चिकटवलेल्या, कडा झिजून मऊ झालेल्या त्या जुन्या सर्व्हेच्या कागदावर त्यांचे कृश बोट संथपणे चालू लागे. पौषातल्या त्या सकाळी गंगा दिसत नसे, रामनगरचा पूल दिसत नसे. दिसे ते एवढेच, की एक वृद्ध माणूस नाकाच्या शेंड्याशी कागद धरून शंभर वर्षांपूर्वीच्या पायवाटा वाचतो आहे.

मी विट्याकडचा, आठवीतून शाळा सोडलेला, इथल्या बाजारात गलाईच्या दुकानात सोने-चांदी वितळवणारा. काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरातले. दिवंगत पत्नीची तुटकी जोडवी वितळवायला म्हणून दुकानात आले, माझी मराठी ऐकून थबकले, आणि जोडवी तशीच खिशात ठेवून म्हणाले, "रविवारी चालायला येतोस?" त्यांची मराठी घराच्या उंबऱ्याआत वाढलेली, हिंदी शब्द तिच्यात न विचारता येऊन बसत.

मग प्रत्येक रविवारी आम्ही पूल ओलांडून पलीकडच्या गावांत उतरत असू. त्यांनी मला आमराईची खूण शिकवली, पोखऱ्याची, म्हणजे तिकडच्या तळ्याची, शिकवली, आणि वाट जिथे नकाशात आहे पण जमिनीवर नाही तिथे थांबून बांधाची रेघ कशी शोधायची तेही. "शाळा सुटली तर सुटली. पाय तर सुटले नाहीत ना?" ते हसत म्हणत. परमुलखात मला कुणी काही शिकवायला घेईल असे वाटले नव्हते. म्हणून आपण वाट चुकलो तर हे शिकणेही सुटेल, ही धास्ती माझ्या छातीत कायम असे.

काकांना काचबिंदू होता. नळीतून पाहावे तेवढेच जग त्यांच्यापाशी उरले होते, आणि तेही आक्रसत चाललेले. त्या उरलेल्या उजेडात त्यांना एकच गोष्ट पाहायची होती: त्यांच्या पणजोबांनी वाटसरूंसाठी खोदलेली विहीर. नकाशात ती एक निळा ठिपका होती.

माघात, मोहरी पिवळीधमक असताना, आम्ही त्या ठिपक्याशी पोहोचलो. विहीर कुठेच नव्हती. काका दमून बांधावर टेकले. मी पुढे जाऊन शेण थापणाऱ्या एका म्हातारीला विचारले. तिने शेणाच्या हातानेच शेताकडे बोट केले. "कुइयाँ? नीचे बा, बचवा. कब्बे के पटा गइल." कधीच बुजली होती, पण होती, मातीखाली. मी आनंदाने तिथूनच ओरडलो, "काका, खाली आहे!"

त्यांचा चेहरा ढगाखाली गेलेल्या शेतासारखा झाला. "खाली आहे? बरं." नकाशाची घडी घालताना त्यांचे हात नेहमीपेक्षा अधिक हळुवार होते. बुजल्याचे दुःख असेल असे समजून मी गप्प राहिलो. दुखावलेल्या माणसाला पुन्हा विचारायची माझी छाती होत नाही.

होळीनंतर त्यांची दृष्टी पुरती गेली आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. एकदा फोनवर त्यांनी विचारले, "माझं घर अजून खालीच आहे ना रे?"

"खाली कसं, काका? तिसऱ्या मजल्यावर आहे की!"

"अरे गाढवा! खाली म्हणजे रिकामं! इतकी वर्षं काशीत राहून काय शिकलास?" ते खळखळून हसले. मीही हसलो, आणि मधेच माझे हसू थिजले.

"काका... त्या दिवशी मी खाली म्हणालो ते रिकामं नव्हे. मातीच्या खाली."



"म्हणजे होती?"

"होती."

"मी बसलो होतो, तिथून किती पावलांवर?"

"वीसेक."

"त्या दिवशी दिसत होतं रे मला," ते म्हणाले. मग माझा श्वास ऐकून असेल, घाईने पुढे म्हणाले, "जेवलास का?"

वैशाखातल्या रविवारी मी एकटाच गेलो. शेत रिते होते, ऊन पांढरे झाले होते, आणि भेगाळलेल्या जमिनीत परातीएवढा उथळ गोल खळगा स्वच्छ दिसत होता. मी त्यात तळवा टेकला. माती तापलेली होती. खिशातला फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. ज्याच्यासाठी एखादी जागा सापडायला हवी होती तो माणूस उजेडातून निघून गेल्यावर ती सापडली, तर ती सापडली म्हणावी, की त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा हरवली, हे मला अजून ठरवता येत नाही.