सहावा प्रकार

लुंबिनीने कंगव्याच्या टोकाने केस बाजूला केले, टाळूच्या मागे बोटाने जागा धरली आणि अगदी मुळाशी कात्री लावून सहा केस कापले. ते कागदी पाकिटात घातले, पाकिटावर एकशे अठरा हा आकडा लिहिला आणि ती म्हणाली, "झालं, मावशी." खुर्चीतली बाई पदर सावरत उठली. दुसरी बसली.

हदगावपासून आठ किलोमीटरवरच्या गावात, शाळेच्या एका वर्गात, सकाळपासून हे चाललं होतं. माणसाच्या डोक्यावरचे केस मुळात किती तऱ्हांचे असतात, याची पाहणी नांदेडच्या एका महाविद्यालयाने हाती घेतली होती. काठीसारखे सरळ केस म्हणजे पहिला प्रकार, स्प्रिंगसारखे आवळलेले म्हणजे आठवा. बाकी माणसं मधे कुठेतरी. दोन वर्षांत लुंबिनीच्या हाताखालून इतकी डोकी गेली होती की आता चेहरे लक्षात राहत नसत, केस राहत.

तिची आई, कोंडाबाई, जाऊन दोन महिने झाले होते. पाचव्या दिवशी लुंबिनी कामावर आली. पाहणीचे प्रमुख शिवकुमार सर म्हणाले, आणखी आठ दिवस घरी राहा. तिने नकारार्थी मान हलवली आणि कात्री स्पिरिटने पुसायला घेतली. रडून घे, असं सगळे सांगत. तिला रडू येत नव्हतं. दुपारचा डबा खाल्ला की नाही, हेही तिला डबा उघडून पाहिल्यावर कळायचं.

एकशे वीस नंबरला तिशीचा एक माणूस बसला. हरिओम नाव. सोयाबीन, हरभऱ्याची बरी शेती असलेला, इस्त्रीच्या शर्टातला. केस सरळ आणि जाड. कापून झाले तरी तो उठला नाही. त्याने खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला.

"म्याडम, ह्ये बघा जरा."

लग्नाच्या मांडवात कुणीतरी काढलेला फोटो होता. चारेक वर्षांची मुलगी. डोकंभर कुरळे केस, कानांवर गोल गोल वेटोळी आलेली. पाचवा किंवा सहावा प्रकार, लुंबिनीच्या मनात आलं.

"मुलगी तुमची?"

"त्येच इचारून राहिलो तुम्हाला."

लुंबिनीने वर पाहिलं.

"माझे सरळ, तिच्या आईचे सरळ. आमच्या घरात असली केसं कुनालाच न्हाईत. तुम्ही केसं तपासता म्हनं. तपासून सांगा, माझी हाय का न्हाई."

"केसांवरून बाप ठरत नाही. दोघांचे सरळ असले तरी लेकराचे कुरळे होऊ शकतात. आजीकडून, पणजीकडून, कुणाकडूनही येतात."

"आमच्यात न्हाईतच म्हनलं ना."

"मुलीची आई कुठे असते?"

"हदगावला. माहेरी." त्याने मोबाइल खिशात घातला. "पोरगी सहा महिन्यांची होती, तवा सोडून आलो."

तो हे बी-बियाणाबद्दल सांगावं तसं सांगत होता. "मंग ह्ये सगळं कशाला करून राहिले तुम्ही?" जाता जाता त्याने विचारलं. तिने पुढचं पाकीट घेतलं.

दारापाशी बायका ओळीने बसल्या होत्या. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. ओळीतली शेवटची म्हातारी खुर्चीशी आली, तेव्हा वर्गात दुसरं कुणी उरलं नव्हतं. कोरं कपाळ, कपाळापर्यंत ओढलेला पदर.

"गुणाबाई अण्णाराव," तिने नाव सांगितलं. "मघा बोलला न्हाई का, त्याची माय मी."

लुंबिनीने नेहमीप्रमाणे अर्ज वाचून दाखवला. पाकिटावर नाव नसेल, निकाल गावात कुणाला कळणार नाही.

"आन मला?"

"तुम्ही विचारलंत तर तुमचा तुम्हाला सांगता येतो."

"मंग मी इचारलंय म्हनून लिवा."

तिने पदर मागे घेतला. एरंडेलाने थबथबलेले केस कवटीला चिकटवून मागे ओढलेले, मानेवर आवळलेला अंबाडा. सहा केस कापताना लुंबिनीची बोटं तेलाने माखली. म्हातारी डोळे मिटून, खुर्चीचे हात धरून बसली होती.

*

नांदेडला प्रयोगशाळेत केस धुवायचे, तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून काचेवर वाळायला ठेवायचे, मग वर्तुळं छापलेली पारदर्शक पट्टी वर धरून कोणत्या वर्तुळाशी वळण जुळतं ते पाहायचं, असं काम होतं. तेल, कंगवा, वेणी यांनी केसाला लावलेली शिस्त साबणाच्या पाण्यात निघून जाते, आणि केस मुळात जसा असतो तसा होतो.

एकशे एकतीसचे तुकडे चिमट्याने उचलून तिने काचेवर ठेवले. पांढरे केस. ठेवले तेव्हा ओलसर आणि सरळ होते. ती दुसऱ्या काचेकडे वळली, परत पाहिलं, तर एकेका तुकड्याची टोकं एकमेकांकडे येऊन जवळजवळ कडं झालं होतं. तिने पट्टी धरली. सहावा प्रकार. पुन्हा धरली. सहावाच.

तिने नोंद केली. फोटोतल्या मुलीच्या कानांवर हीच वेटोळी होती.

"सर, एकशे एकतीसने स्वतःचा निकाल मागितलाय," संध्याकाळी तिने शिवकुमार सरांना सांगितलं.

"मग फोन करा."

"फोन नाही त्यांच्याकडे. रविवारी जाऊन येते."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत ती आपणहून काही करते म्हणाली नव्हती. "या जाऊन," ते म्हणाले.

*

गुणाबाई ओसरीवर तूर पाखडत होती. हरिओम शेतात होता. लुंबिनी जोत्यावर बसली आणि तिने प्रकार सांगितला. सूप थांबलं नाही.

"मला ठाव हाय," म्हातारी म्हणाली.

"पंधराव्या वर्षी लगीन झालं. सासूनं पयल्याच दिशी डोकं सोडून बघितलं. कुरळ्या केसाची बाई नवऱ्याला खाती म्हनली. भर तेल लावून आवळून बांधलं. तवापासनं पहाटं कुनी उठायच्या आत न्हायचं, ओल्यावरच तेल थापायचं. मालकानं बी कधी मोकळी केसं बघितली न्हाईत. हरिओमनं तर न्हाईच."

"आणि नात झाली तेव्हा?"

"लई आनंद झाला." सूप आता थांबलं. "जावळ काढल्यावर नवे आले ते असे गोल गोल. म्या एकटीनं ओळखलं. आन त्याच महिन्यात मालक गेले. बांधावर काम करता करता पडले. तवा सांगितलं असतं तर सारं गाव काय म्हनलं असतं? हिनंच खाल्ला." तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "भावकीतले लोक हरिओमच्या कानाला लागले. सून, पूनम, रोज रडायची. एक दिस रडायची थांबली. मंग ह्यानं नेऊन सोडली. म्या इथंच बसले होते, हितं."

"मग परवा खुर्चीत का बसलात?"

"तुम्हीच हुडकून त्याला सांगाल, वाटलं. मला सांगावं लागनार न्हाई."

"मी सांगू शकत नाही, मावशी. नियम आहे. तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल."

शेजारच्या घरातला टीव्ही चालू होता. बातम्या संपून जाहिराती लागल्या. म्हातारी उठली, आत गेली, आणि गरम पाण्याची बादली घेऊन आली. मग तिने अंबाडा सोडला आणि भर दुपारी, अंगणातल्या दगडावर, उघड्या डोक्याने बसली.

"पानी टाकता का? एवढं तेल एकटीनं निघायचं न्हाई."

लुंबिनीने तांब्या घेतला. आईच्या शेवटच्या दिवसांत ती आईचं डोकं असंच धुवायची. त्यानंतर जिवंत माणसाच्या डोक्यावर तिने पाणी ओतलं नव्हतं. शिकेकाई तीनदा लावावी लागली, तेव्हा कुठे तेल सुटलं. तिने कंगवा फिरवला नाही. ऊन चांगलं होतं. केस सुकत गेले तसे आखूड होत गेले, वर उचलले गेले, आणि म्हाताऱ्या चेहऱ्याभोवती पांढरी वेटोळी उभी राहिली. रस्त्याने जाणारी एक बाई थबकली, पाहून पुढे गेली. गुणाबाईने पदर घेतला नाही.

मोटारसायकल फाटकापाशी थांबली. हरिओम उतरला, दोन पावलं आत आला आणि तिथेच उभा राहिला. किल्ली त्याच्या हातात होती. ती त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बघ," गुणाबाई म्हणाली. "पयल्यापासनं असेच हायेत."

जवळ येऊन त्याने हात पुढे केला, पण केसांना लावला नाही.

"तू..." त्याने सुरुवात केली. वाक्य पुरं केलं नाही.

"बाईला हदगावला एसटीवर सोड," ती म्हणाली. "आन तिकडं बी जाऊन ये."

*

वाटेत तो एकदाच बोलला. "म्याडम, तुम्ही संगं या. माझ्या शब्दावर ती इश्वास ठेवनार न्हाई."

"मी काही बोलणार नाही."

"बोलू नका. नुस्त्या या."

पूनमच्या माहेरच्या घराला रस्त्याकडे उघडणारी एक खोली होती. दारावर ब्लाऊज, फॉल-पिको अशी पाटी. पूनम मशीनवर बसली होती. नवऱ्याला पाहून ती उठली नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. गिऱ्हाईक आल्यावर बघावं तसं तिने बघितलं. खाली चटईवर फोटोतली ती मुलगी, सुकन्या, कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसली होती.

हरिओमने उभ्या उभ्या सांगितलं. आईचे केस, तेल, आजीने पहिल्या दिवशी घातलेला धाक. सांगताना तो दोनदा अडखळला. पूनमने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

"या कोन?"

"केसं तपासनाऱ्या म्याडम."

पूनम लुंबिनीकडे वळली. "म्हंजी पोरगी यांचीच हाय, असं तुमच्या कागदावर आलं का?"

"नाही," लुंबिनी म्हणाली. "कागदावर तसलं काही येत नाही. कुणाचे केस कसे, एवढंच."

"हां." पूनमने मान हलवली. "म्या बी तेवढंच म्हनत होते. साडेतीन वर्षं झाली."

हरिओम खाली पाहत होता. "आईनं बोलावलंय," तो म्हणाला. "आन... म्या बी."

पूनम उठली. खिळ्यावरचा कंगवा घेतला, मुलीला पुढ्यात बसवलं आणि गुंता सोडवत हळूहळू केस विंचरले. पाणी लावलं नाही, तेल लावलं नाही, बांधलेही नाहीत. धुतलेला फ्रॉक घातला. मग मुलीचा हात धरून तिला हरिओमपुढे उभं केलं.

"ह्ये कोन?" सुकन्याने विचारलं.

"तुला आज्जीकडं घेऊन चाललेत," पूनम म्हणाली. मग त्याच आवाजात त्याला, "दिवस मावळायच्या आत आनून सोडा."

"आन तू?"

ती मशीनवर जाऊन बसली होती. सुईखाली कापड सरकवलं, दट्ट्या खाली केला.

"मला आज दोन ब्लाऊज द्यायचेत," ती म्हणाली, आणि मशीन सुरू झालं.