दुपारी चारची वेळ

आमचा पहिला अल्बम माझ्या काकांच्या चीजच्या तळघरात रेकॉर्ड झाला. भिंती जाडजूड, बाहेरचा आवाज आत येत नसे. वास मात्र कॅसेटच्या खोक्यांनाही चिकटला. आम्ही तिघं होतो. मी बाकिस; ताल आणि यंत्रं सांभाळायचो. बिल्लिया ध्रुवपदं म्हणायची, एरवी आमच्या डोंगरी गावात शाळेची बस चालवायची. आणि गोनारिओ, त्याच्या तोंडून शब्द गारांसारखे पडत.

आम्ही सार्दूत रॅप करायचो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर ही भाषा घरात चाले, गोठ्यात चाले, शिव्या देताना तर हटकून चाले. पण माइकवर तिला कुणी नेत नसे. गावोगावच्या जत्रांत गाडीची डिकी उघडून आम्ही कॅसेट विकायचो.

"जा, मेंढ्यांना ऐकवा!" पोरं ओरडायची.

"त्यांनी कधीच ऐकलंय, आता तुमचा नंबर!" बिल्लिया उलट ओरडायची.

सहा वर्षांनी मिलानहून एका कंपनीचा माणूस आला. गोनारिओच्या आईनं त्याला पोटभर जेवू घातलं. मग त्यानं करार टेबलावर ठेवला.

"कडवी इटालियनमध्ये. ध्रुवपदात एखादी ओळ तुमच्या बोलीत. चवीपुरती."

"चवीपुरती?" बिल्लिया म्हणाली. "मीठ आहे का ते?"

"अहो बाई, तिकडे कळणार कुणाला?"

"मग इंग्रजी गाणी सगळी कळतात होय तुम्हाला?"

तो हसला. गोनारिओ हसला नाही. तो कामाला होता तो कारखाना बंद पडला होता आणि बायकोला सातवा महिना होता. अंगणात येऊन आम्ही भांडलो.

"स्वाभिमान खाऊन पोर वाढतं का रे?" त्यानं मला विचारलं.

"जा तू," बिल्लिया म्हणाली. "शाप नाही देणार. पण ग्रुपचं नाव इथेच राहील."

त्यानं एकट्यानं सही केली. त्याचं गाणं एक अख्खा उन्हाळा किनाऱ्यावर वाजत राहिलं. आम्ही दोघांनी दुसरा अल्बम काढला, तिसरा काढला. त्याची कडवी बिल्लिया म्हणू लागली. आधी दम पुरेना. मग ती बस चालवता चालवता सराव करायला लागली आणि शाळेतल्या पोरांनाच आमची गाणी पाठ झाली.

पुढे बेटाच्या राजधानीत, कालियारीत, समुद्रकाठच्या एका महोत्सवात आम्हाला बोलावलं. मुख्य कलाकार गोनारिओ. आम्हाला दुपारी चारची वेळ, ऑगस्टचं ऊन, समोर पन्नासेक माणसं. तिसऱ्या गाण्यात आवाजच गेला. माइक मेला, स्पीकर गप्प.

आयोजक विंगेतून म्हणाला, "मुख्य कलाकाराची साउंड टेस्ट आहे. उतरा खाली."

"आमची वीस मिनिटं उरलीत," मी म्हणालो.

"ऐकायला आहे कोण?"

बिल्लियानं स्टेजवरून खाली उडी मारली ती थेट माणसांत. मी पाण्याचं रिकामं पिंप उचललं आणि बडवायला लागलो. बसमधल्या तीस पोरांच्या कालव्यावर चढणारा तिचा आवाज. त्याला माइक कशाला हवा? बिअरच्या रांगेतली माणसं वळली, समुद्रावरची ओल्या अंगानं आली. बदामाची चिक्की विकणारी एक म्हातारी गाडी सोडून पुढे घुसली आणि ध्रुवपद आमच्याहून मोठ्यानं म्हणू लागली. बरोबर विसाव्या मिनिटाला बिल्लिया थांबली.

"पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणं नाही," आयोजक म्हणाला.

"हरकत नाही. आम्ही आमचा महोत्सव भरवू," ती घाम पुसत म्हणाली. "तुम्ही या. चारची वेळ देऊ."

स्टेजमागे गोनारिओ उभा होता. "सगळं ऐकलं मी," तो म्हणाला.

"मग बाहेर का नाही आलास?" बिल्लियानं विचारलं.

तो साउंड टेस्टसाठी स्टेजकडे वळला.

चार वर्षांनी कंपनीनं त्याला सोडलं. तो गावी आला आणि सरळ तळघरात उतरला. "घ्याल का परत?"

"जुनी कडवी आता माझी आहेत," बिल्लिया म्हणाली. "नवीन लिहून आण."

आठवड्यानं तो कागद घेऊन आला. दुसऱ्याच ओळीत त्यानं एक इटालियन शब्द वापरला. आपला सार्दू शब्द त्याला आठवलाच नव्हता. बिल्लियानं हात वर केला, मी ताल थांबवला. तिनं त्याला शब्द सांगितला.

"हं, पुन्हा म्हण."

कानापर्यंत लाल होऊन तो पहिल्या ओळीपासून म्हणू लागला.